.२८० ची .२८० ॲक्ली : जुन्या रायफलीचं चेंबर मोठं करून घेताना

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या शेजारच्या आजोबांनी त्यांची रायफल मला दिली. वय ८६, गुडघे पार गेलेले, डोंगर चढणं बंद. अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या पुएब्लोला राहायला आल्यावर मला शिकार शिकवली ती त्यांनीच. वारा कुठून येतोय ते कसं ओळखायचं, गोळी कधी झाडायची नाही, जनावर पडल्यावर मांस लवकर गार कसं करायचं, सगळं त्यांच्यामागे चालत शिकलो. त्यामुळे रायफल हातात घेताना माझा आवाज जरा दाटला होता.

इथे रायफल द्यायची म्हणजे नुसती हातात देऊन चालत नाही. कोलोरॅडोत २०१३ पासून खाजगी देवघेवसुद्धा परवाना असलेल्या डीलरमार्फत करावी लागते. आम्ही दोघं दुकानात गेलो, मी फॉर्म ४४७३ (बंदूक घेणाऱ्याने भरायचा सरकारी फॉर्म) भरला, दुकानदाराने माझी पार्श्वभूमी तपासायला चौकशी पाठवली. ऑक्टोबर २०२३ पासून राज्यात तीन दिवस थांबायचा नियम आहे, म्हणून मंजुरी आली तरी रायफल दुकानातच राहिली. चौथ्या दिवशी जाऊन आणली. दुकानाची फी ३५ डॉलर. माझ्याकडे ग्रीनकार्ड आहे, फॉर्ममध्ये त्यावरचा ए-नंबर लिहावा लागतो, तो आधीच कागदावर टिपून न्या. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना एरवी बंदूक घेता येत नाही, पण कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर कायद्यात सूट आहे. ते लायसन्स सोबत न नेल्यामुळे माझ्या एका मित्राला परत यावं लागलं होतं. आणि शिकारीच्या लायसन्ससाठी, तुमचा जन्म १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतरचा असेल, तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स हवाच. माझा २०२१ मध्ये झाला होता.

रायफल रेमिंग्टन ७००. अक्रोडाचा दस्ता, बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मुठीवरचं निळसर पॉलिश आजोबांच्या तळव्याने घासून पांढरं पडलेलं. नळीवर मात्र ‘७ एमएम एक्सप्रेस रेम’ असं कोरलेलं. मी आधी गोंधळलोच. त्याची गोष्ट अशी: रेमिंग्टनने १९५७ साली .२८० रेमिंग्टन हे काडतूस आणलं. ते फारसं खपलं नाही म्हणून १९७९ मध्ये त्याचंच नाव बदलून ७ एमएम एक्सप्रेस ठेवलं. लोक ते ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम समजू लागले. ही दोन अगदी वेगळी काडतुसं आहेत, चुकीचं काडतूस चुकीच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा) गेलं तर जिवावर बेतू शकतं. थोड्याच वर्षांत जुनं नाव परत आलं. म्हणजे माझी रायफल त्या मधल्या काळातली. तुमच्याकडे अशी नळी आली तर दुकानात काडतुसं मागताना ‘.२८० रेमिंग्टन’ म्हणूनच मागा.

उन्हाळ्यात रेंजवर नेली. पाचव्या-सहाव्या गोळीनंतर बोल्टची मूठ वर उचलायला जड जाऊ लागली. तळहाताने खालून ठोसा दिला की उघडायची. मला वाटलं काडतुसांचा तो खोका खराब असेल. चेंबर साफ केलं, दुसरा खोका आणला, थोडा फरक पडला म्हणून विषय सोडून दिला. तिथेच माझं चुकलं.

ऑक्टोबर २०२४. एल्कची मादी, दीडशे यार्डांवर, आडवी उभी. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतलंच, पण अंगाने पुष्कळ मोठं. माझी पहिली गोळी चार बोटं मागे लागली. दुसरी भरायला मूठ उचलली तर उचलेचना. ठोसा दिला, नाही. गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ओढली तेव्हा उघडली, तोवर ती झाडीत शिरली होती. रक्ताचे थेंब आणि वळलेली पानं बघत तिच्यापर्यंत पोचायला तीन तास लागले. तीन तास एक जनावर माझ्या हयगयीमुळे तडफडत होतं. मांस घरी आणलं, वर्षभर खाल्लं, पण त्या वर्षी एल्कचा रस्सा समोर आला की मला तो बोल्ट आठवायचा. ही रायफल नीट होईपर्यंत पुन्हा डोंगरात न्यायची नाही, हे त्याच रात्री ठरवलं.

नोव्हेंबरमध्ये जवळच्या एका दुकानात दाखवली. तपासणीचे ६० डॉलर आगाऊ. तीन आठवडे रायफल तिथे पडून. मग फोन आला की चेंबरला गंजाचे खड्डे आहेत, ते मोठं कापून .२८० ॲक्ली (.२८० चंच पोट मोठं केलेलं रूप) करून टाकू, नळी काढायची गरज नाही, रीमर (चेंबर कापायचं अवजार) आत फिरवला की तासाभरात काम. स्वस्त वाटलं, पण त्याला हेडस्पेस, म्हणजे बोल्टपासून चेंबरच्या खांद्यापर्यंतचं अंतर, किती ठेवणार असं विचारलं तर उत्तर गोलमाल आलं. तेव्हा मला स्वतःलाही सगळं कळत नव्हतं. फक्त एवढं वाटलं की ज्या गोष्टीच्या मागे डोळा लावून मी गोळी झाडणार आहे तिचं उत्तर गोलमाल असून चालणार नाही. रायफल परत आणली. ६० डॉलर गेले ते गेले.

आजोबा म्हणाले, “ट्रिनिडाडला शिकलेला माणूस शोध.” आमच्यापासून दक्षिणेला, न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळ ट्रिनिडाड नावाचं गाव आहे. तिथल्या कॉलेजात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांपासून बंदूक कारागिरी शिकवतात. आणि ज्यांच्या नावाने ही ‘ॲक्ली इम्प्रूव्ह्ड’ काडतुसं ओळखली जातात ते पी. ओ. ॲक्ली त्याच गावात कारागिरी करत आणि शिकवतही होते. तिथे शिकलेला एक गनस्मिथ मला दोन तासांच्या अंतरावर सापडला. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी गेलो. सोबत बोल्ट न्यायला विसरू नका. हेडस्पेस बोल्ट आणि नळी मिळून ठरतो, एकटी नळी बघून काही कळत नाही. काहीजण सुरक्षिततेसाठी बोल्ट वेगळा ठेवतात आणि घरीच विसरून येतात.

त्यांनी आधी बारीक कॅमेरा आत घालून पडद्यावर दाखवलं. चेंबरच्या पुढच्या भागात, जिथे काडतूस अरुंद होऊन खांदा बनतो त्याच्या जरा अलीकडे, देवीच्या व्रणांसारखे काळे खड्डे. गोळी सुटली की दाबाने काडतुसाच्या पुंगळीचं पितळ फुगतं आणि त्या खड्ड्यांत शिरून बसतं, मग बोल्ट कसा उघडणार? कारणही समजलं. आजोबांनी शेवटची काही वर्षं रायफल तळघरात, आतून फोम लावलेल्या कापडी पिशवीत ठेवली होती. फोम ओल धरून ठेवतो. पिशवी फक्त ने-आण करायला, ठेवायला नाही, हे माझ्या डोक्यात आता पक्कं बसलंय.

मग चेंबरचा साचा घेतला. त्यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू असतो, उकळत्या पाण्याच्याही खाली वितळतो. चेंबरच्या पुढे नळीत चिंधीचा बोळा बसवून तो ओतला. थंड झाल्यावर हलकेच ढकलला तर माझ्या तळहातावर चांदीच्या रंगाचं एक काडतूस पडलं, अजून कोमट. त्यावर खड्ड्यांच्या जागी बारीक फोड उठलेले. नखाने लागत होते. हा धातू गार होताना आधी आकसतो आणि मग हळूहळू वाढतो, म्हणून माप घ्यायला त्यांनी तासभर थांबवलं. तेवढ्यात त्यांनी कागदावर आकृती काढून मला समजावलं.

.२८० रेमिंग्टनच्या काडतुसाची कड तिरकी उतरत जाते आणि खांदा साडेसतरा अंशांचा असतो. ॲक्लीने कड जवळजवळ सरळ केली आणि खांदा ४० अंशांचा. म्हणजे लांबी तेवढीच, बोल्टचं तोंड तेच, मॅगझिन तेच, फक्त पोट मोठं. खांद्याशी व्यास सुमारे .४४१ इंचावरून .४५४ इंच होतो. त्यातलं अर्धं एका बाजूला धरा, म्हणजे तिथे चेंबरच्या भिंतीचा सहा-साडेसहा हजारांश इंचाचा थर निघून जातो. माझे खड्डे त्याहून उथळ होते आणि नेमके त्याच भागात होते. हेच खड्डे मागे, बोल्टजवळ असते तर हा उपाय लागू पडला नसता, नवी नळीच घ्यावी लागली असती. म्हणून आधी साचा घ्या, मग निर्णय घ्या. या तपासणीचे ७५ डॉलर झाले, आणि सगळ्या खर्चातला तो सर्वांत चांगला खर्च होता.

नळी न काढता रीमर फिरवण्यात काय धोका, हेही त्यांनीच सांगितलं. हेडस्पेस म्हणजे बोल्टचा चेहरा आणि चेंबरचा खांदा यांच्यातलं अंतर. ॲक्ली चेंबरमध्ये जुनं .२८० काडतूसही झाडता यावं यासाठी त्या जुन्या काडतुसाची मान जिथे खांद्याला मिळते तो कंगोरा चेंबरने घट्ट धरायला हवा. नुसता रीमर आत घातला तर ती पकड सुटते. काडतूस पुढे सरकतं, पितळ मागच्या बाजूला ताणलं जातं आणि बुडाजवळून फाटू शकतं. ते फाटलं की तप्त वायू झाडणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. म्हणून नळी मागे घ्यायची, म्हणजे काढून तिचा मागचा भाग थोडा छाटायचा, पुन्हा बसवायची आणि मग चेंबर कापायचं. हे ऐकल्यावर मी त्या पहिल्या दुकानाला नाही म्हटलं याचं इतकं बरं वाटलं की परतीच्या वाटेवर आईला फोन केला. ती म्हणाली, “अरे, एवढी जुनी आहे तर ठेवून दे की शोभेला.” तिला समजावता आलं नाही. हत्यार शोभेला ठेवायचं आणि शिकार दुसऱ्या रायफलीने करायची, हे मला आजोबांच्या तोंडावर जमणार नव्हतं.

नव्या नळीचा अंदाज ९०० डॉलरच्या पुढे होता. नळी मागे घेऊन ॲक्ली चेंबर कापायचे ४२० डॉलर. मी दुसरं निवडलं. एक विनंती: असं काम देताना ‘सामी’च्या मापाने की जुन्या ॲक्ली मापाने, हे लेखी ठरवा. सामी ही अमेरिकेतली बंदूक-काडतूस उत्पादकांची प्रमाण ठरवणारी संस्था. .२८० ॲक्ली त्यांनी २००० च्या दशकात प्रमाणित केलं, त्याआधी अनेक वर्षं कारागीर आपापल्या मापाने कापत होते, आणि दोन मापांत थोडा फरक आहे. बाजारात मिळणारी काडतुसं सामीच्या मापाची. माझ्या पावतीवर रीमरचं माप, वापरायचे गेज (हेडस्पेस तपासायचे ठोकळे) आणि नळी किती मागे घेणार, तिन्ही लिहून घेतलं.

भारतात हे वाचणाऱ्यांसाठी मध्येच एक गोष्ट. साताऱ्याला माझ्या सख्ख्या आजोबांची परवान्याची बाराबोर होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायला मी लहानपणी त्यांच्यासोबत गेलोय. परवान्यावर बोअर आणि नंबर लिहिलेला असतो. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय हत्यारात फेरफार करणं किंवा करून देणं हा गुन्हा आहे. इथला माझा अनुभव तिकडे उचलून लावू नका.

१८ जानेवारी २०२५ ला रायफल दिली. दुर्बीण घरीच उतरवून ठेवली होती. रायफल रात्रभर ठेवून घ्यायची असेल तर गनस्मिथला आपल्या वहीत नंबर, नाव, पत्ता, तारीख नोंदवावी लागते. मालकाला परत देताना मात्र पुन्हा फॉर्म ४४७३ लागत नाही, पुन्हा चौकशी नाही. माझ्याऐवजी बायकोला घ्यायला पाठवणार असतो तर गोष्ट वेगळी झाली असती, म्हणून आणायलाही स्वतःच जायचं ठरवलं. लांबचा गनस्मिथ असेल तर रायफल त्याला टपालाने पाठवता येते आणि तोही थेट तुमच्या घरी परत पाठवू शकतो. पण मला काम बघायचं होतं.

त्यांनी १२ आठवडे सांगितले, लागले १८. मार्चमध्ये फोन केला, रीमर धार लावायला गेलाय. एप्रिलमध्ये केला, पुढे चार रायफली आहेत. चिडचिड झाली, पण ज्या माणसाने मला तासभर साचा गार व्हायची वाट बघायला लावली त्याला घाई करायला सांगणं बरोबर वाटेना.

मे महिन्यात त्यांनी बोलावलं आणि शेजारी उभं राहू दिलं. नळी मोठ्या व्हाइसमध्ये आवळली, ॲक्शनला (बोल्ट बसतो तो सांगाडा) लांब पाना लावला, आणि पंचेचाळीस वर्षं न हललेला आटा एका कोरड्या ‘टक्’ आवाजाने सुटला. माझ्या पोटात गोळाच आला. रेमिंग्टन ७०० च्या नळीला इंचाला १६ आटे. त्यांनी बरोबर एक आटा, म्हणजे एक षोडशांश इंच मागे घेतलं. एकच पूर्ण आटा का? नळी पूर्ण एक फेरा फिरून पुन्हा तिथेच येते, वरचं कोरलेलं नाव वरच राहतं. अर्धा आटा घेतला असता तर नाव दस्त्याच्या खाली गेलं असतं.

मग लेथ अगदी हळू. रीमर थोडा आत, बाहेर, ब्रशने कीस झाडायचा, तेल, पुन्हा आत. पोलादाचा कीस केसासारखा बारीक, तेलात भिजून काळपट. शेवटी शेवटी प्रत्येक वेळी नळी ॲक्शनमध्ये फिरवून गेज घालून बघत होते. ‘गो’ गेजवर बोल्ट एका बोटाने मिटला. ‘नो-गो’वर मूठ अर्ध्यात थांबली, म्हणजे माप बरोबर. दोन्ही वेळा मूठ त्यांनी माझ्या हातात दिली. तो अर्ध्यात थांबलेला बोल्ट मी दोनदा पुन्हा करून बघितला.

नळीवरच्या ‘७ एमएम एक्सप्रेस’वर एक सरळ रेघ मारून शेजारी ‘.२८० ॲक्ली इम्प्रूव्ह्ड’ असा शिक्का मारला. हे करून घ्याच. उद्या रायफल माझ्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याला नळीनेच खरं सांगायला हवं. खड्या खांद्याची काडतुसं कधीकधी मॅगझिनमधून चढताना अडतात, म्हणून दारू नसलेली पाच नकली काडतुसं भरभर चालवून बघितली. एक अडलं. मॅगझिनच्या पट्ट्या किंचित वाकवल्यावर बंद झालं. २४ मे ला रायफल घरी आली.

जूनमध्ये तीन खोके .२८० ची साधी काडतुसं नेली. ५५ डॉलरला एक, आणि ती मिळवायला चार दुकानं पालथी घातली. ॲक्लीची त्या मानाने सोपी सापडली, खोका ६५ च्या आसपास. पहिली गोळी बाकावरून झाडली, चष्मा घातलेला, छातीत धडधड. बोल्ट उघडला. पुंगळी पडली ती निराळीच: आत गेली होती उतरत्या कडेची, बाहेर आली सरळ पोटाची आणि खड्या खांद्याची. गरम पितळ बोटांत फिरवत बराच वेळ बसलो. साठांपैकी एकच मानेपाशी चिरली, जुन्या पितळाचं असं होतं म्हणे. बाकी जपून ठेवल्यात. एक मी आजोबांना नेऊन दिली, ती त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सेरोसेफच्या साच्याशेजारी उभी आहे.

ताकद किती वाढली, सगळे हेच विचारतात. मित्राच्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) १४० ग्रेन वजनाची गोळी आधी सेकंदाला २,८५० फूट होती, आता ॲक्लीच्या काडतुसाने ३,०१०. त्यातलाही काही वाटा दाबाचा आहे. .२८० मुळात रेमिंग्टनच्या ७४० या अर्धस्वयंचलित रायफलीसाठी काढलं होतं, म्हणून त्याच्या दाबाची मर्यादा ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवली, ॲक्लीची ६५,०००. खांद्याला धक्का जरा जास्त जाणवतो. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर आणि ८५ ग्रेनची गोळी लागते, ती अट जुन्या चेंबरनेही आरामात पुरी होत होती. नुसत्या वेगासाठी हे काम कुणी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चांगल्या चेंबरची .२८० असेल तर तशीच राहू द्या. दुकानाच्या फीचे सुरुवातीचे ३५ सोडून सगळे मिळून ८५० डॉलर लागले, त्यात २९५ काडतुसांचे. ऑगस्टभर शंभर आणि दोनशे यार्डांवर सराव केला आणि दर वेळी मूठ किती जोराने उचलावी लागते ते वहीत लिहिलं.

ऑक्टोबर २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात त्याच डोंगरावर गेलो. केशरी जॅकेट, टोपी, खिशात मादीचं लायसन्स. तिसऱ्या दिवशी उजाडताना ॲस्पेनच्या झाडांच्या कडेला कळप आला. १७० यार्ड. फांदीला टेकून श्वास सोडला आणि चाप ओढला. मूठ दोन बोटांनी वर गेली, पुंगळी गवतात पडली, दुसरी गोळी आत, डोळा दुर्बिणीतून हललाही नाही. दुसरीची गरजच पडली नाही. मादी चाळीस पावलांवर पडली होती. मी गवतात हात फिरवून आधी ती पुंगळी शोधली, खिशात घातली, मग मादीपाशी जाऊन काही वेळ नुसता बसलो. उन्हं वर यायच्या आत मांस सावलीत टांगायचं होतं, म्हणून उठलो आणि सुरी काढली.